अण्णांचं सुवाच्य अक्षर

आमचे अण्णा, म्हणजे विष्णुपंत, नगरच्या कचेरीत तीस वर्षं नकला करून निवृत्त झाले. अक्षर इतकं सुवाच्य, की मजकूर कितीही कंटाळवाणा असला तरी माणूस शेवटपर्यंत वाची. घरी बसून ते आईच्या कामात चुका काढू लागले, तेव्हा आईनेच त्यांना कैद्यांना मदत करणाऱ्या एका मंडळात धाडलं. दर गुरुवारी अण्णा तुरुंगात जाऊन निरक्षर कैद्यांची पत्रं लिहून देत. एका कैद्याला महिन्याला एकच पत्र, असा नियम होता. अण्णांना नियम आवडत.

१९४३ साली तिथे खर्ड्याकडचा आसाराम कच्चा कैदी होता. चळवळीतल्या कोणीतरी तारायंत्राची तार तोडली होती. तोडणारे सापडले नाहीत. पडलेल्या तारेने कोंबड्यांचं खुराडं आवळणारा आसाराम मात्र खुराड्यासकट सापडला.

पहिल्या गुरुवारी तो म्हणाला, "बायकूला लिवा. झुंबरे, येडे, शेळीची गाठ नीट मार. मी हाय."

अण्णांनी लिहिलं, "सौभाग्यवती झुंबरबाईस अनेक उत्तम आशीर्वाद. मी येथे क्षेम असून तिकडील कुशल लिहीत जावे. पशुधनाची काळजी घ्यावी."

त्याचं बोलणं बदलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं मी पुढे एकदा विचारलं. म्हणाले, "पत्र होतं ते. बाजारातलं बोलणं नव्हे."

अशी तीन पत्रं गेली. चौथ्या महिन्यात गावच्या मास्तराच्या हातचं उत्तर आलं, तेही तुरुंगाच्या साहेबाच्या नावे. बाई बोलली तसंच त्या शहाण्याने उतरवलं होतं.

"आमचं मानूस आसं बोलत न्हाई. ते मेलं आसंल तर तसं सांगा, दुसऱ्याकडून पत्रं लिवू नका. त्येंचं कापड धाडा. येत्या अवसेला कुकू पुसून दिवस घालते."

अमावस्या नऊ दिवसांवर होती आणि आसारामच्या पत्राची पाळी अकरा दिवसांवर. तीस वर्षांत अण्णांनी साहेबाकडे स्वतःची रजासुद्धा तोंडी मागितली नव्हती. ते थेट जेलरच्या खोलीत गेले.

"पाळी नसताना एक पत्र लिहायचंय."

"काय लिहिणार?" जेलरने विचारलं.

"येडे, असं."

"शिवी?"

"साहेब, त्या बाईचं कुंकू त्यावर अडलंय. आणि चूक माझी आहे."

जेलरने परवानगी दिली. अण्णांनी आसारामचा शब्द न् शब्द उतरवला. पुढचे नऊ दिवस ते पानावर बसत, दोन घास खात आणि उठून पंचांग उघडत. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती.

अमावस्येनंतर चौथ्या दिवशी उत्तर आलं. तेव्हा काय झालं ते अण्णांनी नाही, तुरुंगातल्या गोरक्षनाथ शिपायाने आम्हाला सांगितलं. अण्णांनी आसारामला सावकाश, स्पष्ट वाचून दाखवलं, "शेळी व्याली. गाठ पक्की हाय. कुकू हाय. कवा येता?"

आसारामने मान हलवली. "ही झुंबरी न्हाई. ती वरडून बोलती."

घरात कधी आवाज न चढवणारे आमचे अण्णा उठून उभे राहिले आणि सगळ्या बराकीला ऐकू जाईल असं ओरडले, "कवा येता?"

आसाराम टोपी तोंडावर धरून रडला.

"हीच हाय," म्हणाला.