स्वर्गातल्या वायरमनचा आवाज

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. खणात जुन्या केबली साठतात ना, तसे ते साठतात. एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात. आमच्या स्टुडिओचे निम्मे किस्से आप्पांचे आहेत आणि हल्ली ते सांगताना मधेच मला रडू येतं. आलं तर आलं. तुम्ही हसा, त्यासाठीच सांगतेय.

स्टुडिओ म्हणजे नाशकात अंबडला एका लेथ वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्या. मालक आणि लेखक मंदार, प्रोग्रॅमिंग आणि साउंड बघणारा इरफान, आणि अॅनिमेशन करणारी मी. (आई अजूनही लोकांना "पोरगी कार्टून काढते" असंच सांगते!) आम्ही एक विनोदी गेम करत होतो, 'स्वर्गात लाइट गेली!' स्वर्गात अंधार होतो, देवांना काही सुधरत नाही, म्हणून खेड्यातल्या भिका वायरमनला जिवंतपणीच वर बोलावणं येतं. माउसने त्याला फिरवायचं, कोडी सोडवायची आणि लाइट आणायची. सगळं जमलं होतं, फक्त भिकाला आवाज नव्हता.

* * *

आवाजासाठी आम्ही नाशकातले झाडून सगळे हौशी नट ऐकले. सगळे इतकं शुद्ध बोलायचे की भिका वायरमन कसला, रिटायर्ड प्राचार्य वाटायचा!

त्याच आठवड्यात आमच्या कॉम्प्युटरना हात लावला की शॉक बसायला लागला. खालचे वर्कशॉपवाले म्हणाले, "माझे सासरे एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात होते. बोलावतो त्यांना."

आप्पा आले. बोर्ड उघडला, आत पाहिलं आणि वळून आमच्यावर सुटले, "कोणी केलंय हे? ह्याला अर्थिंग म्हणतात? अरे बाबांनो, तुम्ही रोज इथे कामाला येता का जीव द्यायला?"

इरफानने माझ्याकडे पाहिलं, मी मंदारकडे. मंदार हात जोडून म्हणाला, "आप्पा, आम्हाला अजून शिव्या द्या. फक्त ह्या माइकमध्ये!"

* * *

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे गोधड्या टांगलेलं एक खोपटं. खालचं लेथ थांबलं की बोलायचं, सुरू झालं की गप्प बसायचं.

एका सीनमध्ये भिका दोन वायरी नुसत्या हातांनी जोडतो, असं मंदारने लिहिलं होतं. आप्पांनी कागद खाली ठेवला.

"मेन स्विच बंद केल्याशिवाय मी हे बोलणार नाही."

"आप्पा, तो स्वर्ग आहे! तिथे कोण मरणार?"

"तिथे नाही रे मरणार. पण खेळणारी पोरं खालीच राहतात ना?"

झालं! इरफानला मेन स्विच शोधण्याचं एक नवं कोडं घालावं लागलं. आजही निम्मे खेळणारे तिथेच अडकतात आणि आम्हाला मनसोक्त शिव्या घालतात.

* * *

मंदारचा मामा नामपूरचा. तो म्हणाला, कांदा मार्केटच्या दिवशी अख्खा तालुका गोळा होतो, तिथे जाहिरात करा. आम्ही आप्पांच्या आवाजात रेकॉर्ड केलं, "स्वर्गात लाइट गेली हो! भिका निघाला!" पुढे आमचा फोन नंबर. भोंगा लावलेली रिक्षा दिवसभर फिरली.

दुपारपासून स्टुडिओतला फोन खणखणायला लागला. पहिल्याच माणसाने मला अहिराणीत झापलं, "आमनाकडे बी लाइट नही शे! पयले आठे या, मंग सरगमा जा!"

म्हणजे आधी त्यांच्याकडे यायचं, मग स्वर्गात! मी सॉरी म्हणायच्या आत आप्पांनी फोन काढून घेतला. "डीपीवर फ्यूज उडालाय का बघा. बघा म्हणतोय, हात नका लावू! तुमच्या वायरमनला बोलवा, हे असं असं सांगा त्याला." असे सगळे फोन त्यांनी स्वतः घेतले. मंदार डोक्याला हात लावून बसला, "अहो, एकानेही गेमचं नाव विचारलं नाही!"

आप्पा खुशीत. "पण दोघांची लाइट आली ना?"

* * *

त्यानंतर आप्पांचा आवाज बसायला लागला. इथे आमचा गाढवपणा सांगायलाच हवा. तो घोगरा आवाज आम्हाला आवडला! "काय लागलाय आवाज आज, आप्पा! असाच ठेवा!" आणि ते खरंच ठेवायचे. माई, म्हणजे त्यांच्या मिसेस, थर्मासमधून हळदीचं दूध द्यायच्या. आवाज मोकळा होईल म्हणून रेकॉर्डिंग संपेपर्यंत ते प्यायचेच नाहीत. दोन महिने हे चाललं. दोन महिने आम्ही कॅन्सरला टाळ्या वाजवल्या. मला अजून त्याची लाज वाटते.

डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला अठरा दिवस होते. मंदारने हात जोडले, "आप्पा, गेम गेला खड्ड्यात. तुम्ही आराम करा."

"आराम काय, नंतर गप्पच बसायचंय," आप्पा म्हणाले. "किती वाक्यं राहिली ते सांग."

सहाशे चाळीस राहिली होती.

* * *

मग रोज अकरा ते एक. त्या दोन तासांत खालचं लेथ बंद असायचं. आम्ही सांगितलं नव्हतं. जावयांनी आपणहून कामगारांना लवकर जेवायला सोडायला सुरुवात केली होती.

एका सीनमध्ये स्वर्गाच्या दारावरचा कारकून भिकाला मेलेल्यांच्या यादीत टाकतो, तेव्हा भिका ओरडतो, "अहो, मी जिवंत आहे! नीट बघा ना!" विनोदी सीन. लिहिताना आम्ही खो खो हसलो होतो.

आप्पांनी एका दमात दिला. बाहेर इरफान रेकॉर्डिंग थांबवायचंच विसरला. त्यांनी गोधडी बाजूला सारून डोकं बाहेर काढलं, "काय रे, बिघडला का टेक?"

"एक नंबर झाला, आप्पा," इरफान हेडफोनच्या आड डोळे पुसत म्हणाला.

"मग ह्याचा मेन बंद करा कोणीतरी. माइक भिजेल!"

शेवटच्या दिवशी आवाज पूर्ण बसला. फक्त शेवटच्या सीनमधलं भाषण राहिलं. स्वर्गात लाइट येते, सगळे भिकाला दोन शब्द बोलायला सांगतात, आणि तो भरभरून बोलतो, असं ते होतं. दुसऱ्या कोणाचा आवाज लावायला आम्ही तिघंही तयार नव्हतो. म्हणून मी भिकाला नुसता नमस्कार करायला लावलं. गेम आल्यावर एकाने नेटवर लिहिलं, "शेवटच्या शांततेची आयडिया जबरदस्त!"

* * *

आप्पा आता पाटीवर लिहून बोलतात. मागच्या महिन्यात त्यांच्या कॉम्प्युटरवर गेमचं अपडेट टाकायला मी घरी गेले. आप्पा खुर्चीत लसूण सोलत होते. माई कॉम्प्युटरसमोर तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि गेम चालू होता. खेळलेला वेळ बघितला तर दोनशे तासांच्या वर! आणि भिका अजून पहिल्याच सीनमध्ये, स्वतःच्या घराच्या ओट्यावर उभा.

"माई, दोनशे तासांत ओट्यावरून खाली उतरला नाही होय हा?"

आमच्या गेममध्ये अशी सोय आहे की खेळणाऱ्याने बराच वेळ काही केलं नाही, की भिका कंटाळून आपणहून बडबडायला लागतो. त्या बडबडीचं मंदारने काही लिहिलंच नव्हतं. "घरी बोलता तसं काहीही बोला," एवढंच तो म्हणाला होता आणि आप्पा त्या दिवशी दोन तास बोलले होते.

तेवढ्यात स्पीकरमधून भिका वैतागून म्हणाला, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

"टीव्हीजवळ बघा," माई तांदळातून मान वर न करता म्हणाल्या. आप्पांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

मी माउस धरला. "थांबा माई, पुढे कसं जायचं ते दाखवते."

माईंनी पटकन माझा हात धरला.

"नको गं. हात लावला की गप्प बसतात ते."