एकवीस स्ट्रॉबेऱ्या आणि न उघडणारी बरणी

नवस बोलताना माणसानं पंचांग उघडून बसावं, हे शहाणपण मला जरा उशिरा आलं. वेळेवर आलं असतं, तर आमच्या घरातली सगळी गुपितं एका दुपारी देवासमोर बाहेर पडली नसती. तुम्ही हसणार, हे धरूनच सांगायला बसले आहे. हसा बापडे!

लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर. बेळगावात, शहापुरात आमचं बिऱ्हाड, आणि घरात आम्ही तिघंच. हे शाळेत मास्तर, मी, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. माघात आत्याबाईंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून कॅम्पातल्या दवाखान्यात त्या आठ दिवस उताण्या पडून होत्या. तिथल्या नर्स रोझीनबाई फार मायेच्या. एक दिवस त्यांनी कसलंसं फळ कुस्करून, वर साखर घालून आत्याबाईंना भरवलं.

"कसलं गं हे?" आत्याबाई चमचा सोडेनात. "आंबट म्हणावं तर गोड. आणि वास तर लई ग्वाड! दिसाय कसं असंल गं? मेली ही पट्टी!"

रोझीनबाईंनी सांगितलं, याला स्ट्रॉबेरी म्हणतात, डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यात वाफे लावलेत, रंगानं जास्वंदीसारखी लाल. झालं! लाल म्हटल्यावर मला गणपती आठवणार नाही तर कोण? मी तिथंच खाटेच्या पायाशी हात जोडले. 'गजानना, माझ्या सासूबाईंना दिसू दे. येत्या गणेश चतुर्थीला तुझ्यापुढं हेच फळ एकवीस ठेवीन, आणि मग पहिलं त्यांच्या हातात देईन. तोवर मी चाखणार नाही. हुंगणारसुद्धा नाही!'

घरी आल्यावर यांनी शांतपणे विचारलं, "चतुर्थी भाद्रपदात. हे फळ मिळतंय कधीपर्यंत?"

"फाल्गुनापर्यंत."

"मग?"

मग काय! डोळ्यांपुढं अंधारी आली. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून पिकायचा होता, डाव्याची पट्टी निघून जाड भिंगाचा चष्मा आला, तरी आत्याबाई म्हणायच्या, "निम्मंच दिसतंय गं. हात धर." माझा हिशेब सरळ होता. नवस फेडल्याशिवाय देव उरलेली निम्मी नजर कशाला देईल? आणि नवस चुकला तर दिलेली निम्मीही काढून घेईल. माझी झोपच उडाली.

शेवटी रोझीनबाईच धावून आल्या. मायदेशी परत गेलेल्या कुणा मडमेनं त्यांना काचेच्या बरण्या दिल्या होत्या. काचेचंच झाकण, मध्ये तांबड्या रबराची चकती, वरून आवळायला तारेची पकड. "ह्यात भरली की वर्षभर हलत न्हाई बघा," म्हणाल्या. आम्ही पंधरा दिवस गुळाचा चहा प्यायलो आणि साखर जमवली. एका सकाळी रोझीनबाई टोपलीभर स्ट्रॉबेऱ्या घेऊन हजर!

नैवेद्याचं काम, म्हणून मी सोवळ्यात. रोझीनबाई आपण होऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसल्या. त्या तिथून सांगणार, मी इथं करणार. आता माझी अडचण ऐका. देवाचं फूल आपण हुंगत नाही, मग हे फळ कसं हुंगायचं? आणि पाकात पडल्यावर तर घरभर दरवळणार! म्हणून मी ओलं फडकं घेतलं, नाकावरून गुंडाळलं आणि डोक्यामागं घट्ट गाठ मारली. फडकं मोठं होतं. त्यात कानही गेले.

मग सगळं हातवाऱ्यांवर चाललं. देठ काढले, फळं धुऊन सुपात एकवीस मोजली, सूप उंबऱ्याशी निथळत ठेवलं आणि मी पाकाकडं वळले. मग फळं बरणीत, वर पाक, गळ्याशी बोटभर जागा, रबर, झाकण, पकड. मोठ्या पातेल्यात तळाशी फडकं घालून बरणी पाण्यात उभी केली आणि मंद आचेवर उकळली. निवल्यावर पकड काढली. झाकण आपलं आपण घट्ट बसलेलं! मला तर तो साक्षात्कारच वाटला. रोझीनबाई बाहेरून बोटानं काहीतरी ओढल्यासारखं करून सांगत होत्या, एकदा, दोनदा, तीनदा. मी तीनही वेळा मान हलवली. ऐकू काही येत नव्हतं, पण इतक्या प्रेमानं सांगणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं?

बरणी देव्हाऱ्याखालच्या फडताळात गेली. भाद्रपदापर्यंत मी तिला रोज नमस्कार केला.

चतुर्थीचा दिवस उजाडला. पूजा झाली. मोदक वाफाळतायत, तिघांच्या पोटात कावळे ओरडतायत. मी चांदीची वाटी पुढं घेतली, बरणीच्या झाकणाला हात घातला. आणि झाकण हलेना!

यांनी ओढून पाहिलं. पिळून पाहिलं. बरणी मांडीत धरून दात-ओठ खाऊन पाहिलं. सोवळं सुटायची वेळ आली.

"सुरी आण. खुपसतो."

"नैवेद्याला लोखंड लावणार?"

"मग फोडू?"

"देवाला काचा घालणार?"

यांनी बरणी खाली ठेवली. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "घेत न्हाय वाटतं गं देव."

देव नैवेद्य घेत नाही, म्हणजे माझ्याच हातून काहीतरी घडलेलं. आणि त्याची शिक्षा कुणाच्या डोळ्यांना? मी हात जोडले आणि मोठ्यानं सांगून टाकलं, "गजानना, श्रावणातल्या संकष्टीला चंद्र उगवायच्या आधी मी भाजलेल्या शेंगा तोंडात टाकल्या. दोन. नाही, मूठभर."

झाकण ओढलं. जागचं हललं नाही.

म्हणजे शेंगांवर भागणार नव्हतं! मी यांच्याकडं वळले. "तुमची निपाणीची तपकीर उंदरांनी नेली नव्हती. मी गुलाबाच्या मुळाशी ओतली."

"तू?" हे उभेच राहिले. "आणि मी चार महिने त्या उंदरासाठी पिंजरा लावतोय? रोज खोबऱ्याचा तुकडा घालतोय?"

"तो तुकडाही मीच काढून आमटीत घालत होते."

"तरीच म्हटलं, उंदीर लई हुशार दिसतोय!"

झाकण ओढलं. ढिम्म.

आता पोटात फार खोल ठेवलेलं एक उरलं होतं. मी आत्याबाईंचे पाय धरले. "तुमच्या डोळ्यांना पट्टी होती ना, तेव्हा मी रोज पोथी वाचायची. ती मी... मधली पानं गाळत होते. दवाखान्यातून घरी येऊन स्वयंपाक करायचा असायचा, म्हणून..."

आत्याबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ठावं हुतं गं मला. तिसऱ्या अध्यायावरनं एकदम आठव्यावर! मी म्हटलं, पोर दमलीया. आणि मी तरी कुठं जागी हुते?"

मला रडूच फुटलं. झाकणाला मात्र काहीही फुटलं नाही.

एव्हाना यांचा चेहरा पडला होता. पंचा सावरत हे पुटपुटले, "माझंही एक आहे. त्या दिवशी तू पाकाकडं वळलीस, तेव्हा सुपातलं एक मी खाल्लं."

"एकविसातलं?"

"लई लाल दिसत हुतं गं."

म्हणजे बरणीत वीसच! नवस मोडला तो इथंच! "आता आत्याबाईंच्या डोळ्यांचं काय होणार हो!"

तेवढ्यात आत्याबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. खाली मान घालून म्हणाल्या, "रडू नको गं. मला दिसतंय."

"निम्मं ना?"

"सगळं. चष्मा आला त्या दिवसापास्नं. परवा तुझ्या कानामागं पिकलेला केस दिसला, तोसुद्धा." त्यांनी माझा हात धरला. "पण तू हात धरून देवळाला न्यायचीस, ताटात घास मोडून द्यायचीस. दिसतंय म्हटलं तर सोडशील, असं वाटलं गं."

आता सांगा, अशा बाईवर रागवायचं कसं? मी त्यांच्या कुशीत, हे दोघींच्या पाठीवर हात ठेवून. तिघंही रडतोय. तिघांची मनं अगदी स्वच्छ. यापेक्षा जास्त देवाला काय हवं? मी डोळे पुसले, गजाननाचं नाव घेतलं आणि हलक्या हातानं झाकण उचललं.

बरणीच उचलली गेली. झाकणासकट.

"आता काय राह्यलं?" हे हताश होऊन म्हणाले. "शेजारच्यांस्नी बोलवू? त्यांची काय पापं असतील तर?"

तेवढ्यात दारात रोझीनबाई. मोदक खायला मीच बोलावलं होतं. तिघांचे सुजलेले डोळे बघून त्या घाबरल्याच. "काय झालं? पोथी चालू हाय व्हय?"

"देव नैवेद्य घेत नाही हो," मी हुंदका देत बरणी दाखवली.

त्यांनी उंबऱ्यातूनच कपाळावर हात मारला. "अहो बाई, रबराचं शेपूट ओढा की! तीनदा सांगितलं न्हवं का? हवा आत गेल्याबिगर उघडतंय व्हय कुठं?"

झाकणाखाली खरंच एक इवलंसं तांबडं शेपूट बाहेर आलं होतं. मी दोन बोटांत धरून ओढलं. 'फुस्स!' आणि झाकण माझ्या हातात.

त्या वासानं देवघर भरलं. या वेळी नाकाला फडकं नव्हतं. वाटीत एकेक फळ काढत मोजलं. अठरा, एकोणीस, वीस... एकवीस!

"मास्तरांनी एक खाल्लेलं बघितलं हुतं मी," रोझीनबाई हसत म्हणाल्या. "लगेच टोपलीतलं दुसरं टाकलं सुपात. फळाला सोवळं नसतंय म्हणे तुमच्यात."

नैवेद्य झाला. पहिलं फळ आत्याबाईंच्या हातात दिलं. पाकात राहून ते फिकं गुलाबी पडलं होतं. त्यांनी ते उजेडात धरलं, फिरवून फिरवून बघितलं. "एवढंसंच व्हय गं?" म्हणाल्या, "पण किती देखणं!" मग मोदकांच्या पंगतीत त्यांनी रोझीनबाईंना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. स्वतः पाट बघून, न चाचपडता.

इथं गोष्ट संपायला हवी. पण खोटं कशाला सांगू? पुढच्या वर्षीही मी बरणी भरली, तीही कान उघडे ठेवून. चतुर्थीला देवासमोर बसले आणि झाकण ओढल्याचं सोंग करत म्हटलं, "अगं बाई! यंदाही उघडत नाही वाटतं. कुणाचं काही सांगायचं राहिलंय का?" आणि यांच्या तपकिरीच्या वासाच्या पंच्याकडं तिरक्या नजरेनं बघत राहिले.

आत्याबाईंच्या उजव्या डोळ्याचाही मोतीबिंदू एव्हाना काढून झाला होता. त्यांनी समोरून हात लांब केला, शेपूट धरून ओढलं. 'फुस्स!'

"आता दोन्ही डोळ्यांनी दिसतंय गं मला," म्हणाल्या.

म्हणून बायांनो, एवढं माझं ऐका. औंदाच्या हंगामात तुम्हीही एक बरणी भरा, आणि उघडायच्या आधी घरातल्या माणसांत बसून मनातलं एकतरी सांगून टाका. शेपूट कुठं आहे, ते ठाऊक असलं तरी!