बाटलीभर कॅनडा

माझ्या थोरल्या साडूंनी चाखून निकाल दिला नाही असं पाणी नगर जिल्ह्यात जमिनीवर नाही आणि जमिनीखालीही नाही. मी मोजणी खात्यात सत्तावीस वर्षं साखळी ओढलेला माणूस. जे मोजलेलं नाही ते बोलायचं नाही, ही माझी सवय. तरीही हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. कर्जत तालुक्यातल्या त्यांच्या गावाभोवतीच्या अकरा विहिरींचं पाणी अकरा पेल्यांत भरून, पेल्यांची अदलाबदल करून मी स्वतः त्यांच्यापुढे ठेवलं आहे. अकराच्या अकरा त्यांनी ओळखले, आणि बाराव्या पेल्यात मी चाचणीसाठी दोन विहिरींचं मिसळून ठेवलं होतं, तर तोंडात घेऊन म्हणाले, "ह्या दोघांचं बांधावरनं भांडान हाय. एकत्र कशापायी घातलं?" देवाधर्माच्या बाबतीतही त्यांनी जिभेला कधी सूट दिली नाही. देवळात पुजाऱ्याने पळीभर तीर्थ हातावर घातलं की सगळे डोळे मिटून घेतात, हे घेतात आणि म्हणतात, "बुवा, घागर घासा." गावातलं एक वयोवृद्ध जोडपं काशीला जाऊन आलं आणि गंगेचं पाणी झाळून बंद केलेल्या डब्यातून घेऊन आलं. सारा गाव पाया पडत होता. यांनी दोन थेंब जिभेवर ठेवले, बराच विचार केला आणि म्हणाले, "गंगा आसंल बी. पर डबा रॉकेलचा हुता." त्या म्हाताऱ्याने पुढे वर्षभर यांना रामराम घातला नाही.

या जिभेचा त्यांनी सर्वांत मोठा उपयोग केला तो सोयरिकी जमवताना. त्यांना तीन मुली. लोक स्थळ बघायला जातात तेव्हा मुलगा बघतात, शेत बघतात, गोठ्यातली जनावरं बघतात. हे बैलगाडीतून उतरले की थेट विहिरीवर. नवरदेव नवा सदरा घालून, नमस्कारासाठी हात जोडून ओसरीवर ताटकळत उभा असायचा आणि त्याचे होणारे सासरे दोर-बादली मागत असायचे. त्यांचं म्हणणं असं की माणूस सोयऱ्यापुढे गोड वागू शकतो, पाणी वागू शकत नाही. थोरलीचं स्थळ बघून आल्यावर माझ्या मेव्हणीने विचारलं, "पोरगा कसा हाय?" तर म्हणाले, "त्याला कोन बघतंय? भर उन्हाळ्यात दोन परस खोल पानी हाय." जामखेडकडचं एक चांगलं शिकलेलं, बागायती स्थळ त्यांनी पाणी मचूळ म्हणून परत पाठवलं. धाकटीच्या वरची राहात्याकडे दिली, पण तिथे पाटाचं पाणी असल्यामुळे तीनदा जाऊन, तीन वेगवेगळ्या महिन्यांत चाखून. मेव्हणी म्हणायची, "आवं, आमच्या लग्नाआधी ह्यांनी माझं तोंड बघितलं न्हाई. आमच्या आडात बघितलं." माझ्या लग्नाच्या वेळी थोरले जावई म्हणून तेच नगरला स्थळ पाहायला आले होते. आमच्याकडे नळ. त्यांनी नळाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ह्याला काय बघायचं? ह्यो कुनाचाच न्हाई." अभिप्राय त्यांनी राखून ठेवला. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली; तो अजून राखीव आहे.

अशा माणसाच्या सगळ्यात धाकट्या मुलीच्या मनात कॅनडाला जायचं आलं. शालन तीन वर्षं नगरच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकली. रविवारी ती आमच्याकडे जेवायला असे, त्यामुळे ही गोष्ट आईबापांच्या आधी मला कळली. तिच्या वरच्या वर्गातली एक मैत्रीण वर्षापूर्वी तिकडे गेली होती आणि तिच्याच इस्पितळात शालनलाही जागा मिळत होती. कागदपत्रं सगळी झाली. उरला एक कागद. शालनचं वय वीस वर्षं चार महिने. एकवीस पूर्ण नसल्यामुळे वडिलांची लेखी संमती हवी, आणि ती मे महिनाअखेर दिल्लीच्या कचेरीत पोचली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला. त्या संमतीपायी मी एसटीने कर्जतकडे एकूण पाच खेपा केल्या. पहिल्या खेपेला फॉर्म वाचून दाखवला. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पानी कसं हाय तिकडचं?"

मी म्हटलं, "साडूभाऊ, ही काही लग्नाची बोलणी नाहीत. नोकरी आहे."

"मंग तर जास्तच इचारलं पायजे. सासरी तांब्या भरून द्यायला सासू तरी आसती. चाखल्याबिगर मी पोरगी कुटंच दिली न्हाई, मोजनीदार."

दुसऱ्या खेपेला मी नकाशांचं पुस्तक घेऊन गेलो. कॅनडा हा तळ्यांचा देश आहे. एका बोटाच्या रुंदीत मी त्यांना एकोणीस तळी मोजून दाखवली. ते नकाशावर वाकले, एकोणीसही तळी पुन्हा स्वतः मोजली आणि म्हणाले, "तळ्यावर ढोरं जात्यात. हिरी किती?" विहिरींचा आकडा माझ्यापाशी नव्हता, आणि नसलेला आकडा मी सांगत नाही. मेव्हणी चुलीपासून ओरडली, "आवं, पोरगी मुठीतनं चालली म्हनून रडा, न्हाईतर पाठवा. मधीच पानी कशाला?" त्यावर ते उठून विहिरीवर गेले आणि मी जाईपर्यंत परत आले नाहीत. तिसऱ्या खेपेला शालन स्वतः आली. बापलेकीत जे बोलणं झालं ते एवढंच: "आबा, पानी आनून दिलं तर सही कराल?" "चाखून बघीन." "आन् ग्वाड निघालं तर?" "ग्वाड निघालं तर मी आडवा येनार न्हाई." तिने लगेच मैत्रिणीला पत्र टाकलं. मैत्रीण मे महिन्यात रजेवर घरी येणार होती.

आता ते साल कोणतं, हेही सांगायला हवं. दुष्काळाचं. गावोगावी टँकर, टँकरवर भांडणं, रस्त्याच्या कामांवर अख्खी गावं खडी फोडत बसलेली. साडूंच्या विहिरीला तेवढं घोट-घोट पाणी होतं आणि ते गावाला वाटूनच घेतलं जात होतं. तर अशा साली, जिल्ह्यात प्यायला पाणी नसताना, आमचे साडू कॅनडाहून पाणी मागवत आहेत ही बातमी तीन तालुक्यांत पसरली. एसटीचा कंडक्टर मला तिकीट देताना विचारू लागला, "काय, टँकर निघाला का तिकडनं?"

मैत्रीण आल्याचं कळताच मी आणि शालन तिच्या घरी गेलो. मैत्रीण बाहेर गेली होती, तिची आई घरात होती. बाईंनी अगत्याने चहा केला. मी एक कप प्यालो. आग्रह झाला म्हणून आणखी अर्धा. मग बाटलीचा विषय काढला. बाई म्हणाल्या, "चपटी, बुचाला लाख लावलेली? पोरीच्या पेटीत निघाली खरी. वास घेतला, चांगलं पाणी होतं. आमचा नळ चार दिवसांतून एकदा येतो हो, बाटलीभर पाणी ठेवून शिळं कोण करतं? आत्ता तुमच्या चहाला तेच घातलं." शालनने माझ्याकडे बघितलं. मी कपाकडे बघितलं. बाटली अडीच कपांची होती. एक कप शालनच्या आणि दीड कप माझ्या पोटात गेला होता. मे महिना संपायला नऊ दिवस होते. मी म्हणालो, "आपण खरं सांगू. पाणी चांगलं होतं असं मी सांगेन."

"काका," शालन म्हणाली, "आबांनी आजवर दुसऱ्याच्या जिभेवर भरवसा ठेवलाय का?" आणि तिने रिकामी बाटली न धुता पिशवीत टाकली.

ही चौथी खेप. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा साडू वरच्या शेतात होते. शालन घरात न जाता सरळ विहिरीच्या पायऱ्या उतरली. मी वर काठावर. मी म्हटलं, "अगं, दुसरं कुठलंही भर. त्यांचंच पाणी त्यांना?" खालून आवाज आला, "नगरच्या नळाचं नापास होईल. टँकरचं तर वासानंच. आबांच्या जिभेवर पास होणारं पाणी मला तरी एकच माहीत हाय. तुम्ही तिकडं बघा." मी लिंबाच्या झाडाकडे बघत उभा राहिलो. त्यामुळे मला काही दिसलं नाही, हे मी आजही कुणासमोर सांगू शकतो. बाटली भरताना होणारा बुडबुड आवाज मात्र ऐकू आला. पुढचं मी तिला बजावून ठेवलं: मी खोटं बोलणार नाही, मला कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगणार नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर वीस-पंचवीस माणसं जमली. साडूंनी आदल्या संध्याकाळपासून सुपारी सोडली होती. तीनदा चूळ भरली, पितळेची वाटी राखेने घासून घेतली, बाटलीच्या बुचावर शालनने ओतलेलं मेणबत्तीचं मेण नखाने खरवडलं, आणि सगळ्या जगाला सोडून मलाच विचारलं, "मोजनीदार, हे कॅनडाचंच ना?"

मी म्हणालो, "बाटली कॅनडाची आहे. अडीच कपांची आहे. काठोकाठ भरलेली आहे." तिन्ही विधानं खरी होती. घामाने माझा सदरा पाठीला चिकटला होता.

त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. एवढा वेळ एक घोट तोंडात धरलेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता. एक म्हातारा कुजबुजला, "बुडालं वाटतं जहाज." शालन खांबाला टेकून उभी होती, पदराचं टोक तिने बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. मग त्यांनी घोट गिळला, उरलेलं वाटीत न ओतता बाटलीनेच संपवलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "एवढ्या लांबनं आलंय, पर इटलं न्हाई. ह्या पान्यावर पोरगी जगंल." आणि टाक मागितला. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं लिहून सही पुरी व्हायला त्यांना अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत ते एकदाही मान वर करून शालनकडे बघू शकले नाहीत. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. कागद मुदतीच्या चार दिवस आधी पोचला. शालन श्रावणात गेली.

माझा मात्र जीव खाल्ला त्या तीन खऱ्या विधानांनी. दीड वर्ष मी कसंबसं काढलं. शेवटी पाचवी खेप केली, आणि त्यांच्या ओसरीवर बसून सगळं सांगून टाकलं. पेटीतली बाटली, चहा, पायऱ्या, लिंबाचं झाड. साडू इतके हसले की मेव्हणी पिठाच्या हाताने बाहेर आली. "आवं, पाळन्यातनं उतरल्यापासनं जे पानी पितोय ते मला वळखू येनार न्हाई व्हय? आन् तुमचं तोंड! चोरी तुमच्या अंगावर ल्हिलेली हुती."

"मग सही कशी केलीत?"

ते अडकित्त्याशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "पोरीनं कुटलं बी पानी भरलं आसतं. पर जगातलं ग्वाड पानी दावायचं म्हनल्यावर तिनं माझ्याच हिरीचं आनलं. मला काय कळायचं ते कळलं. जिला चव कळती तिला आडवून काय करू?"

मग ते उठले आणि देवाच्या कोनाड्यातून एक बाटली घेऊन आले. तशीच चपटी, बुचाला लाख. शालनने गेल्या हिवाळ्यात कुणाबरोबर तरी पाठवली होती, सोबत चिठ्ठी: आबा, हे खरं. लाख शाबूत होती. पाणी बुचाखाली बोटभर. ज्या माणसाने काशीची गंगा सोडली नाही, त्याने ही बाटली दहा महिने उघडली नव्हती. मी विचारलं, का?

"चाखलं आन् मचूळ निघालं तर?" ते म्हणाले. "पोरगी तर देऊन बसलोय."

बाटली त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली, उजेडात धरून एकदा आरपार बघितलं आणि पुन्हा कोनाड्यात ठेवली. पाठ माझ्याकडेच होती. दुसऱ्याच्या जिभेला पाणी कसं लागलं, हे बावीस वर्षांत त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मलाच काय, कुणालाच विचारलं नव्हतं.

"मोजनीदार, तुमी त्या पान्याचा चहा पिला हुता न्हवं? दीड कप?"

"हो."

"कसं लागलं हुतं?"

"गोड होतं," मी म्हणालो. चहात साखर किती होती ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.