खंडेनवमीचे बूट

भरमू घाडी पलटणीत दाखल झाला तेव्हा त्याच्या पायात बसेल असा बूट मिळेना. खानापूरच्या पलीकडच्या भातखाचरांत चिखल तुडवून त्याचा पाय पुढून सुपासारखा पसरला होता. बेळगावच्या छावणीतल्या भांडारवाल्याने एकामागून एक जोड काढून पाहिले, शेवटी सर्वांत मोठा जोड त्याच्यापुढे टाकला आणि म्हणाला, "घाल ह्यो. हितं बूट पायाला जुळवून घेत न्हाय, पाय बुटाला जुळवून घेतो."

पलटण म्हणजे काय, ते भरमू आधी पायांनीच शिकला. पहाटे बिगुल वाजला की उठायचं, दुसरा वाजला की मैदानावर उभं राहायचं, तिसरा वाजला की जेवायचं. भूक लागली म्हणून जेवायचं हा प्रकार तिथे नव्हता. रायफल खांद्यावर कशी घ्यायची, दोरी ओढून तिची नळी कशी साफ करायची, घोंगडीची घडी केवढी घालायची, साहेब समोरून आला तर किती पावलांवरून हात कपाळाला न्यायचा, सगळं ठरलेलं. नाटकात नटाला निदान एखादा शब्द पदरचा घालता येतो. इथे ती मुभा नव्हती. शिकवणाऱ्या हवालदाराला सगळे उस्ताद म्हणत, आणि उस्ताद म्हणे, "डोकं घरी ठेवून या. पगार पायाचा हाय."

त्या पायांचे पहिल्याच महिन्यात हाल झाले. टाचा फुटल्या, बोटांवर फोड आले. एका रविवारी भरमूने बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या, जोड गळ्यात अडकवला आणि अनवाणी चालत गाव गाठलं. बाप, जोतिबा घाडी, खळं सारवत होता. त्याने लेकाच्या गळ्यातल्या बुटांकडे पाहिलं आणि हातातला शेणाचा गोळा खाली ठेवला.

"रजा मिळाली काय रं?"

"न्हाय आप्पा. पळून आलोय."

"बरं केलंस. आता भाकरी खा आणि चल. आक्ख्या गावाला सांगून बसलोय, माझा ल्योक सरकारचा शिपाई झाला म्हणून. ते तोंड आता कुठं झाकू?"

बापाने त्याला स्वतः आणून छावणीच्या फाटकाशी उभं केलं. त्याच्या कंपनीच्या, म्हणजे तुकडीच्या, गोऱ्या साहेबापुढे पेशी झाली. पेशी म्हणजे टोपी आणि पट्टा काढून घेऊन गुन्हेगाराला साहेबाच्या टेबलापुढे उभं करणं. साहेब मराठीची परीक्षा पास झालेला होता आणि पुस्तकासारखं शुद्ध बोलत असे. तो म्हणाला, "तू तरुण आहेस, म्हणून तुला क्षमा. परंतु पुन्हा तुझी पेशी झाली, तर तुझे नाव कापले जाईल."

नाव कापलेला माणूस पलटणीतून जाई तो एकटाच जाई. त्याला निरोप द्यायला कुणी येत नसे. गावात तर तो जन्मभर 'नाव कापलेला' म्हणूनच ओळखला जाई.

भरमू राहिला. राहता राहता त्याला कवायतीची गोडीही लागली. एके सकाळी आक्ख्या रांगेच्या टाचा एकदम जमिनीवर पडल्या, एकच आवाज झाला, आणि त्या आवाजात आपली टाच कुठली ते त्याला ओळखता आलं नाही. त्या दिवसापासून त्याने बुटांविषयी तक्रार केली नाही.

रंगरुटाचा शिपाई झाला त्या वर्षी खंडेनवमी आली. त्या दिवशी पलटण आपली हत्यारं पुजते. क्वार्टर गार्डपुढच्या, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीपुढच्या, अंगणात शेणाचा सडा पडला. रायफली तीन-तीन करून एकमेकींना टेकवून उभ्या केल्या, मशीनगनीला झेंडूची माळ घातली, बँडचे ढोलही ओळीत मांडले. पलटणीचे पंडितजी अनगोळचे. सोवळं नेसून ते पूजेला बसले. साहेबानेही कडेला बूट काढले आणि मोज्यांवर उभं राहून हात जोडले. पूजा झाली, गूळ-खोबरं वाटलं, आणि जो तो बूट चढवून निघून गेला. हत्यारं तशीच मांडलेली राहिली, समईही तेवत राहिली. आता तिथे उरला तो फक्त पहारा.

दुपारचा पहारा पिरनवाडीच्या रवळूकडून भरमूने घेतला. पहारेकऱ्याचे नियम कडक. बसायचं नाही, टेकायचं नाही, बोलायचं नाही, बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. रवळू जाता जाता एवढंच पुटपुटला, "गूळ संपलाय. माझ्या वाटणीचा हुंगत बस."

भरमू एकटा उभा राहिला. समोर सडा, रांगोळी, समई, हळद-कुंकू लावलेली हत्यारं. आणि त्या सारवलेल्या जमिनीवर त्याचे खिळे मारलेले बूट. घरी आप्पाच्या खळ्यावर रास पडली की वहाणा घालून कुणी पाऊल टाकत नसे. एकदा वसुलीला आलेल्या सरकारी शिपायालासुद्धा आप्पाने वहाणा काढायला लावल्या होत्या. भरमू चार वेळा इकडून तिकडे चालला, आणि प्रत्येक पावलाला रांगोळीच्या कडेला खिळ्यांची नक्षी उमटली. त्याने नाड्या सोडल्या. जोड नीट टाचेला टाच लावून कडेला ठेवला, आणि अनवाणी पहारा सुरू केला. बूट सावधान उभे होते आणि त्यांच्यामागे शिपाई सावधान उभा होता.

तेवढ्यात साहेब पाहुण्या साहेबाला हत्यारांची पूजा दाखवायला घेऊन आला.

भरमूने आरोळी ठोकली. सगळा गार्ड धावत बाहेर येऊन ओळीत उभा राहिला. भरमूने सलामी दिली आणि ती अशी दिली की पाहुण्याने मान डोलावली. मग पाहुण्याची नजर खाली गेली. सलामीत काही उणं नव्हतं. फक्त पाय उघडे होते.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुटी. तिसऱ्या दिवशी सकाळी टोपी-पट्टा उतरवून भरमू साहेबापुढे उभा होता. टेबलाच्या कडेला निपाणीकडचे सुभेदार मारुतीराव. पांढऱ्या मिशांचा, मोठ्या लढाईत एक बोट गमावलेला हा माणूस साहेब आणि शिपाई यांच्यातला दुवा होता. पलटणीत साहेब हुकूम देतो आणि शिपाई तो पाळतो, पण तो हुकूम शिपायाला पेलेल असा करणारा असतो सुभेदार.

"पहाऱ्यावर तू बूट का काढलेस?" साहेबाने विचारलं.

"देव मांडलेला हुता, साहेब."

"तुला कोणी सांगितले?"

"कुणी न्हाय."

सुभेदार मध्ये बोलले, "साहेब, आपण सोता बूट काढून हात जोडलेत. पोरानं ते बघितलं."

"मी पहाऱ्यावर नव्हतो, सुभेदारसाहेब. त्या क्षणी शत्रू आला असता, तर हा काट्यांतून अनवाणी धावला असता काय?"

"धावलो असतो, साहेब," भरमू म्हणाला. खानापूरच्या काट्यांत तो जन्मभर तेच करत आला होता.

साहेबाच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मग त्याने शेवटचा प्रश्न टाकला. "पुढल्या वर्षी तुला हाच पहारा मिळाला, तर काय करशील?"

सुभेदारांनी डोळ्यांनी खुणावलं. उत्तर सोपं होतं, पाठ केलेलं होतं: बूट काढणार नाही, साहेब. तेवढं म्हटलं की सुटला. भरमूने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बूट काढीन, साहेब."

साहेबाने टाक उचलला.

"थांबा साहेब," मारुतीराव घाईने म्हणाले. "नवमीला न्हावी वस्तरा पुजतो, सुतार करवत पुजतो, कुणबी नांगर पुजतो. शिपाई चालतो कशावर? बुटावर. बूटबी हत्यारच. आपण ते पुजलं न्हाय, म्हणून ते ह्याला पायताण दिसलं. पहाऱ्यावरच्या शिपायाचे बूट हत्यारांच्या ओळीत पुजले, तर ते घालून देवापुढं उभं राहायला हरकत कसली?"

साहेबाने टाक खाली ठेवला. "हे पंडितजींना मान्य आहे?"

"इचारतो."

"सूर्यास्तापर्यंत विचारा. त्यांचा होकार आला, तर याला शिक्षा होईल आणि हा राहील. नकार आला, तर नाव कापले जाईल. देवापुढे पहारा न करू शकणारा शिपाई मला नको."

पंडितजी ऐकूनच उसळले. "चामडं? देवापुढं? सुभेदार, दसऱ्याची भांग अजून उतरली न्हाय काय?"

"नवमीला ढोलाला कुंकू लावलंत, पंडितजी. ते काय केळीच्या सोपटाचं हुतं?"

"ढोल वाजतो. बूट तुडवतो."

"आणि रायफल काय करती? आरती?"

भरमू दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "आमच्यात नांगरासंगट चाबूकबी पुजतात, महाराज. वादी चामड्याचीच असती."

पंडितजी त्याच्याकडे वळले. "नवा कोरा जोड आण मग."

"नवा कशाला?" सुभेदार म्हणाले. "न चालवलेली रायफल पुजता काय?"

"बरं, जुना आण. पण असा घासून आण की माझं तोंड दिसलं पाहिजे त्यात, तरच माझा होकार. आणि हे बघ, थुंकी लावायची न्हाय! मला ठावं हाय तुमची पॉलिश कशी चालती ती."

इथेच खरी अडचण होती. आक्ख्या पलटणीचे बूट पॉलिश आणि थुंकी या दोन गोष्टींवरच चमकत. भरमू बराकीच्या पायरीवर तांब्याभर पाणी घेऊन बसला. बोटाला चिंधी गुंडाळून थेंब थेंब पाण्याने घासत राहिला. चमक येई आणि मावळे. रवळू शेजारी येऊन बसला.

"एक पिचकारी मारू काय रं? कोण बघतंय?"

"तू तोंड मिटून बस."

"आरं, नाव कापलं जाईल तुझं!"

"व्हय. पण देवाला उष्टं न्हाय."

रवळूने मान हलवली, आणि दुसरा बूट उचलून, ओठ घट्ट मिटून, घासू लागला.

ऊन कलतं झालं तेव्हा पंडितजी आले. वाकले, डोळे बारीक केले, बूट इकडून तिकडे फिरवला. "तोंड काय दिसत न्हाय," ते म्हणाले. मग बूट उजेडाकडे धरला. "नाक दिसतंय." मग सरळ उभे राहत म्हणाले, "पुरे."

भरमूला पाठीवर वाळूचं ओझं घेऊन मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा झाली, आणि ती त्याने भोगली. पुढच्या नवमीला हत्यारांच्या ओळीच्या टोकाला बुटांचा एक जोड मांडला गेला. पहिली दोन वर्षं लोक हसले. तिसऱ्या वर्षी कुणी हसलं नाही.

मग लढाई आली. पलटण आफ्रिकेच्या वाळूत गेली, तिथून इटलीच्या चिखलात. तिथे एका नवमीला पडक्या गोठ्यात दारूगोळ्याच्या पेटीवर पूजा मांडली. पहारा रवळूचा होता, म्हणून बूटही त्याचे पुजले. रवळू म्हणाला, "आज माझ्या पायाला मान हाय, बाबांनो. लांबनं नमस्कार करा." तो त्याच महिन्यात एका नदीकाठी कामी आला. भरमू हवालदार होऊन परतला आणि छावणीत रंगरुटांचा उस्ताद झाला.

सत्तेचाळीसच्या नवमीला गोरा साहेब विलायतेला गेलेला होता, पंडितजी हयात नव्हते, मारुतीराव निपाणीत पेन्शन खात होते. कंपनीवर नवा देशी कॅप्टन आला होता. त्याने ओळीच्या टोकाचे बूट पाहिले आणि भरमूला विचारलं, "हवालदार, हे काय?"

"पहाऱ्यावरच्या शिपायाचे बूट, साहेब. पूजा झाली की तो घालतो आणि हुबा ऱ्हातो."

"कुणाचा हुकूम?"

"जुना हाय, साहेब."

कॅप्टनने मान डोलावली, आपले बूट काढले आणि पूजेला उभा राहिला. भरमू ओळीच्या टोकाला गेला. तिथे अनवाणी उभ्या असलेल्या कोवळ्या पहारेकऱ्याकडे बघून त्याने दबक्या आवाजात विचारलं, "थुंकी लावलीस काय रं?"

"न्हाय उस्ताद. पाण्यानं घासलेत."

भरमू वाकला. डोळे बारीक करून बुटाच्या टोकात पाहिलं.

"पुरे," तो म्हणाला.