फेरविचाराचे पेढे

समुद्राकाठच्या आमच्या माडांच्या बागेत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. किनाऱ्यावरच्या बांधकामांना परवानगी देणाऱ्या साहेबांनी कारण न देताच आमचा अर्ज फेटाळला. शेजारच्या बागेत मात्र तीन मजली रिसॉर्ट चढत होतं. तिथून समुद्र बहुधा लांब असावा. देवीचा कौल घेऊन बाबा हायकोर्टात गेले. निकाल आमच्या बाजूने लागला: कारण न देता फेटाळणं बेकायदा, फेरविचार करावा. फेरविचार अर्थात त्याच साहेबांनी.

"देवी पावली गो!" बाबा आईला म्हणाले. आम्ही गावभर पेढे वाटले, साहेबांनाही दिले. त्यांनी पेढा खाल्ला, कोर्टाचा मान राखला आणि अर्ज पुन्हा फेटाळला. या वेळी चांगलं सविस्तर कारण दिलं: शेजारी रिसॉर्ट झाल्यामुळे या किनाऱ्याला आता आणखी बांधकाम झेपणार नाही.