तक्रारींसाठी उघडलेलं पान

बोटींची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या ऑनलाइन मदत-फोरमवर मी आगरदांड्याहून उत्तरं द्यायचो. मध्यंतरी त्यांनी फोरमचं रूप बदललं आणि प्रत्येक बिघाडाला वेगळा विभाग दिला. आमच्या बोटवाल्यांना जेटीवर सगळं एकाच घोळक्यात बोलायची सवय, ते भडकले. "जुनंच बरं व्हतं," असं रोज कोणीतरी लिहायचं. शेवटी कंपनीने तक्रारींसाठी एक पान उघडलं. तिथे शिव्या देऊन झाल्यावर एकाने विचारलं, इंजिन गरम का होतंय? दुसऱ्याने उत्तर दिलं, तिसऱ्याने दिघीची फेरीबोट बंद असल्याचं कळवलं. मीही तिथेच लिहू लागलो. रिकाम्या विभागांत माशा मारत कोण बसणार? परवा कंपनीने ते पान काढून टाकलं. आता कोणाचीच तक्रार उरली नाही म्हणे.