वडिलांच्या ताटावरचे काका

मेलेल्या माणसाच्या वतीनं जेवायचं काम आमच्या काकांइतकं मन लावून दुसऱ्या कुणी केलं असेल, असं मला वाटत नाही. काका म्हणजे सख्खे नव्हेत, चुलत नव्हेत, भावकीतले तर नव्हेतच. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते आणि माझे वडील एकाच पाळीत होते, जन्मभर एकमेकांच्या डब्यात जेवले, एवढंच नातं. वडील गेल्यावर पहिला पितृपक्ष आला. आमच्याकडं पितरांच्या दिवशी एखाद्या माणसाला घरी बोलावतात, त्याचे पाय धुतात, गंध लावतात आणि गेलेल्या माणसाच्या जागी त्याला जेवू घालतात. तेवढा वेळ तोच घरातला पितर. त्या वर्षी भावकीतले एक आजोबा शेंद्र्याहून यायचे होते, ते काही आलेच नाहीत. दुपार टळायला लागली, खीर घट्ट झाली, गच्चीवरचा कावळासुद्धा घास खाऊन निघून गेला, तेव्हा आई म्हणाली, मुकुंदवाडीच्या भाऊजींना बोलव. काका मोपेडवर आले, पाटावर बसले, कढीचा एक भुरका मारला आणि वाटी बाजूला सरकवून म्हणाले, "मीठ कमी हाय." आतमध्ये आईच्या हातातलं उलथनं थांबलं. वडील उभ्या हयातीत रोज, मीठ बरोबर असलं तरीसुद्धा, हेच वाक्य बोलत आले होते. वडील गेल्यानंतर आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली आणि मग बराच वेळ रडत बसली. तेव्हापासून आमच्या घरातली पितराची जागा काकांची झाली.

एवढ्यावर भागलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण काकांनी ही नेमणूक वर्षभराची समजली. पितृपक्ष संपला की बाकीचे पितर आपापल्या घरी जातात. आमचे पितर दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन हजर. घरात कुणाचा वाढदिवस असो, बारसं असो, पोरीचा दहावीचा निकाल असो, काका आदल्या दिवशी येऊन तयारी बघून जायचे. दारातून आत पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "तुझा बाप असता तर..." आणि पुढं वडिलांनी काय केलं असतं त्याचं सविस्तर वर्णन. बरं, ते नुसतं सांगून थांबले असते तरी चाललं असतं. ते लगेच करूनही दाखवायचे.

उस्मानपुऱ्यात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हाची गोष्ट. वास्तुशांतीला माझे साहेब सपत्नीक आलेले, बिल्डर आलेला, बायकोच्या माहेरची झाडून सारी मंडळी आलेली. वडिलांना कुठलीही वस्तू घेताना ती बोटांनी ठोकून बघायची सवय होती. टरबूज असो की दार. तेव्हा काका पूजा चालू असतानाच प्रत्येक भिंत ठोकत घरभर फिरले आणि बिल्डरच्या तोंडावर म्हणाले, "ही पोकळ हाय. त्याला पसंत पडली नसती." मग पाण्याला जोर किती आहे ते बघायला म्हणून त्यांनी घरातले सगळे नळ एकदम सोडले. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कुणीतरी पातेलं पालथं घातलं होतं, त्यावरून उडालेलं पाणी थेट साहेबांच्या बायकोच्या पैठणीवर. बाई मोठ्या मनाच्या, काही बोलल्या नाहीत. साहेबांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कोण?"

हा प्रश्न मला आयुष्यात फार वेळा विचारला गेला आणि दर वेळी माझी बोबडी वळली. काका म्हणावं तर वडिलांचे भाऊ का, असा पुढचा प्रश्न. वडिलांचे मित्र म्हणावं तर वडील गेले, आता हे कशाला येतात, असा भाव समोरच्याच्या डोळ्यात. आमचे पितर आहेत असं तर कुणाला सांगायची सोय नाही. शेवटी मी एक शब्द शोधून काढला, ओळखीचे. ओळखीचे आहेत म्हटलं की माणसं पुढं विचारत नाहीत. माझी बढती झाली तेव्हा काका पेढ्यांचा पुडा घेऊन थेट ऑफिसात आले आणि साहेबांच्या केबिनमध्ये घुसून त्यांनी विचारलं, "पोरगं काम करतंय का नीट? नसंल करत तर कान धरा." वडील असंच माझ्या शाळेत येऊन मास्तरांना विचारायचे. पण तेव्हा मी तिसरीत होतो. आता माझ्या हाताखाली माणसं होती आणि ती सगळी काचेपलीकडून बघत होती. त्या दिवशीही मी म्हणालो, ओळखीचे आहेत.

मला त्यांची शरम वाटायची. साध्या, स्वच्छ शब्दांत सांगायचं तर तेच. त्यांच्या मोपेडची, त्यांच्या खणखणीत आवाजाची, पंगतीत मोठ्यानं मारलेल्या भुरक्याची शरम वाटायची. सगळ्यात जास्त त्यांच्या कोटाची. तो कोट वडिलांचा होता. गुलमंडीवर शिवलेला, तपकिरी, माझ्या लग्नात वडिलांनी घातलेला. आईनं तो एका पितृपक्षात काकांना देऊन टाकला. वडील अंगानं भरदार, काका म्हणजे काडी. तो कोट घालून ते आले की आधी कोट आत यायचा आणि मग त्यातून काका. आई मात्र ते दारात दिसले की हातातलं काम टाकून बघत राहायची. मी चिडायचो, तर म्हणायची, "येऊ दे रे. ह्या घरात त्यांचं नाव काढणारं दुसरं कोण राहिलंय?" त्यांचं म्हणजे वडिलांचं. आणि ते खरंच होतं. मी स्वतः वडिलांबद्दल कुणाशी बोलायचो नाही. गेलेल्या माणसाबद्दल बोलायला घेतलं की माझा घसा धरतो, आणि चार लोकांत घसा धरलेला मला आवडत नाही.

मग यंदा उन्हाळ्यात पोरीचा साखरपुडा ठरला. बीड बायपासला हॉल घेतला. मुलाकडची माणसं जालन्याची, मोठी, चार ठिकाणी ऊठबस असलेली. मी काकांना आधीच समजावून सांगितलं होतं की सगळं हॉलवाले बघतात, तुम्ही फक्त पाहुण्यासारखं यायचं. "व्हय व्हय," म्हणाले. साखरपुड्याच्या दिवशी मी हॉलवर पोचतो तर दारात तपकिरी कोट. वडील आमच्याकडच्या कुठल्याही कार्यात हात जोडून दारात उभे राहायचे, शेवटचा पाहुणा जेवेपर्यंत हलायचे नाहीत. काका तसेच उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला "या, या, उन्हाचं आलात" म्हणत होते. माझा चेहरा बघून त्यांनी नजर दुसरीकडं वळवली, पण जागा सोडली नाही.

मुलाचे थोरले चुलते त्या दिवशी पहिल्यांदाच आले होते. दारात असं स्वागत, पोरगी येता-जाता "आजोबा, पाणी प्यायलात का?" म्हणून विचारतेय, वर तो भारदस्त कोट, त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. मानपानाची वेळ आली तेव्हा त्यांनी काकांना हाताला धरून स्टेजवर नेलं, मधल्या खुर्चीवर बसवलं, आजोबांचा मान म्हणून त्यांच्या डोक्याला फेटा बांधला, टॉवेल-टोपी दिली आणि वाकून पायाला हात लावला. काका नको नको म्हणत होते, नाही असं नाही. पण फेटा बांधून होईपर्यंत त्यांच्या तोंडावर असं काही तेज आलं होतं की त्यांना खाली उतरवायचं कुणाला सुचलं नाही. मी मनात म्हटलं, जाऊ दे, निभावतंय तर निभावू दे. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "आजी कुठायत? आजी, या, आजोबांच्या बाजूला उभ्या राहा."

आई पहिल्या रांगेत बसली होती. ती उठली नाही. काकांचं तेज उतरलं, ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलावं, एवढंच त्यांचं म्हणणं असावं. चुलते हसत म्हणाले, "आजोबा लाजले की काय?" जालन्याची सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "ते आजोबा नाहीत. आमचे कुणी नाहीत ते. ओळखीचे आहेत."

काकांनी फेटा काढला. बांधलेला होता तसाच अलगद काढून खुर्चीवर ठेवला, त्यावर टॉवेल-टोपी ठेवली. मग चुलत्यांना हात जोडून म्हणाले, "बराबर सांगायलाय त्यो. मी नुसता त्याच्या बापाच्या ताटावर जेवायला बसतो, वर्सातनं एकदा." आणि स्टेजवरून उतरून, दारात चप्पल घालून, न जेवता निघून गेले.

त्यानंतर काका आले नाहीत. पोरीच्या वाढदिवसाला आले नाहीत, पोळ्याला आले नाहीत, गणपतीला आले नाहीत. घर कसं शांत शांत झालं. मला जे हवं होतं तेच मिळालं होतं आणि ते मला सोसेना. नळ सोडला की मला ती पैठणी आठवायची आणि हसू यायच्या आधी मान खाली जायची. पोरगी माझ्याशी कामापुरतं बोलायची. पितृपक्ष लागला तेव्हा बायकोनं विचारलं की यंदा कुणाला बोलवायचं, शेंद्र्याच्या भावकीत विचारायचं का. आई भाजी निवडत होती. वर न बघता मला म्हणाली, "भाऊजी येणार नसतील तर मी चूल पेटवत नाय. काय सांगायचं ते सांग तुझ्या बापाला."

मी मुकुंदवाडीला गेलो. काका स्टेशनच्या अलीकडं एका गल्लीत राहतात. मला बघून ते लगबगीनं उठले, खुर्ची पुसली, सुनेला चहा टाकायला सांगितला. भिंतीला खुंटी होती आणि खुंटीला तो तपकिरी कोट, वर प्लास्टिकची पिशवी घालून. मी माफीचं काहीतरी पुटपुटायला लागलो तर त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. म्हणाले, "तुम्ही कशाला तरास घेतला? फोन केला असता तरी चाललं असतं." तुम्ही. जन्मल्यापासून ह्या माणसानं मला अरे-तुरेशिवाय हाक मारली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. हे 'तुम्ही' मला खाता येईना. पितरांचं बोलावणं सांगितलं, चहा तसाच घशाखाली ढकलला आणि उठलो. येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

पितरांच्या दिवशी ते आले. साधा सदरा घालून, वेळेवर, दाराची बेल वाजवून. ते कधी बेल वाजवत नसत, दारातूनच ओरडत येत. मी त्यांचे पाय धुतले. धुताना मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. गंध लावलं, पाटावर बसवलं. बायकोनं वाढलं, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी. आई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. काकांनी कढीची वाटी तोंडाला लावली आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो. ते काहीच बोलले नाहीत. भुरकासुद्धा मारला नाही. वाटी रिकामी करून खाली ठेवली. आईनं स्वतः पुढं येऊन पुन्हा वाढली. तीही त्यांनी गुपचूप संपवली. शेवटी आईनंच विचारलं, "कढी कशी झालीय, भाऊजी?" काका ताटाकडं बघत म्हणाले, "छान झालीय, वहिनी." आई आत निघून गेली. काकांनी हात धुतले, वडिलांच्या फोटोला नमस्कार केला आणि जिना उतरून गेले.

मी कढीच्या पातेल्यातला डाव तोंडाला लावला. मिठाचा खडाही नव्हता तिच्यात. मी आईकडं बघितलं. "टाकलंच नव्हतं," आई म्हणाली, "म्हटलं आता तरी बोलतील. तू त्या माणसाचं तोंडच बंद करून टाकलंस रे." एवढं म्हणून तिनं पदर डोळ्याला लावला.

मी पायात काही न घालता जिना उतरलो. काका मोपेड स्टँडवरून काढत होते. मी हँडल धरलं. मनात बरंच काही जुळवत आलो होतो, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "काका, कढीत मीठ नव्हतं."

"ठाऊक हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायला कुणी तरी असावं लागतं घरचं," ते म्हणाले. रागानं नाही, एखादी माहिती सांगावी तसं.

माझा घसा धरला. आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून चार लोक बघत होते, वॉचमन बघत होता, खालच्या मजल्यावरचे वकील पेपर खाली करून बघत होते. धरला तर धरला. त्या फुटक्या आवाजात मी म्हणालो, "तुम्ही आमचे आहात. पोरीच्या लग्नात दारात तुम्हीच उभं राहायचं, कोट घालून. कुणी विचारलं हे कोण, तर मी सांगीन, आमच्या वडिलांच्या जागी आहेत."

काका मोपेडच्या आरशावरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिले. मग त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं आणि अख्ख्या सोसायटीला, वर गॅलरीत उभ्या असलेल्या आईला नीट ऐकू जाईल अशा त्यांच्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाले, "चप्पल घालून येत जा, लेकरा. आन् वहिनीला सांग, कढीला मीठ कमी हाय."